सायकलीचा पोळा

माणिकप्पाच्या सायकलीला नवा रंग द्यावा, हे उमरग्याजवळच्या त्या गावात सगळ्यांना पटलं होतं, फक्त माणिकप्पा सोडून. हैदराबाद राज्य मोडलं, गाव मुंबई राज्यात गेलं, बाजारातल्या दुकानांच्या पाट्यासुद्धा नव्यानं रंगल्या; सायकल मात्र निजामाच्या काळातल्या काळ्या रंगातच खडखडत होती. बायको लक्ष्मम्मा म्हणायची, लेकीला बघायला पाहुणे येतील, दारात हे भंगार दिसायला नको. एवढं म्हटलं की तो जेवणावरून उठायचा.

सायकल त्याच्या थोरल्या भावाची, शिवप्पाची. शिवप्पा तिच्यावरून विड्याची पानं बाजारोबाजारी न्यायचा. त्याचा उजवा गुडघा आत वळलेला. पायडल मारताना तो दांडीला घासायचा, आणि तिथला रंग जाऊन तळहाताएवढं लोखंड उघडं पडलं होतं. शिवप्पा पटकीनं गेला. त्याचा फोटो कुणी काढला नव्हता. माणिकप्पाकडे भाऊ उरला होता तो एवढ्या लोखंडात, आणि रोज निघताना तो त्यावरून हात फिरवायचा. हे बायकोला सांगायला काय झालं होतं? पण नाही. तोंड मिटून फुगून बसायचं, ही त्या घराण्याची जुनीच खोड.

पोळ्याच्या दिवशी त्यानं बैल धुऊन आणले, शिंगं रंगवली, बाशिंगं बांधली. ओवाळायचं ताट करायला लक्ष्मम्माला सांगितलं, आणि दरवर्षीसारखंच शिवप्पाच्या विधवा बायकोला, चन्नम्माला म्हणाला, "वैनी, तुमी आत थांबा." सवाष्णीनंच ओवाळायचं, हा रिवाज. घटकाभरानं झुली आणायला तो गोठ्यामागं गेला आणि जागीच थबकला.

सायकल लालभडक झाली होती. शिंगांचा उरलेला रंग, तोही जाड, ओघळलेला. हँडलला बाशिंग, कॅरियरवर पुरणपोळी. दांडीवरची ती जागाही लाल.

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. लक्ष्मम्माला नाही नाही ते बोलला, तिचं माहेर काढलं, आणि रॉकेलची चिंधी घेऊन दांडी खसाखसा पुसायला बसला.

तेवढ्यात चन्नम्मा पुढं आली. हात मनगटापर्यंत लाल. आवाज चढवणारी बाई नव्हती ती. त्या दिवशी चढला.

"तिला कशाला बोलता? म्या रंगवली. बैलापाशी तुमी मला येऊ देत न्हाय. ह्यो माझ्या मालकाचा बैल. ह्याचा पोळा म्याच करनार."

माणिकप्पा त्या जागेबद्दल काहीतरी बोलू लागला. तिनं बोलू दिलं नाही.

"त्या जागंचं मला सांगता? त्यो गुडघा रोज रातीला म्याच चोळत हुते."

त्याचा हात थांबला. संताप तसाच होता; पण तो आता ना बायकोवर काढता येईना, ना वहिनीवर. भाऊ आपल्या एकट्याचाच मेला, असं धरून तो इतकी वर्षं बसला होता, आणि त्याच तोंडानं दर पोळ्याला तिला आत थांबवत होता. स्वतःची त्याला भयंकर चीड आली. चिंधी फेकून तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा पुन्हा लक्ष्मम्मावरच ओरडला.

"ते ताट आन हिकडं. बैल वैनी ओवाळनार हायत."

दांडी अर्धी लाल, अर्धी पुसलेली राहिली. पुढं तिला कुणी रंगही लावला नाही आणि कुणी पुसलंही नाही.