वहीतलं बाहेर जाणार नाही

वही मिटली आणि मी उठून स्टाफरूमचं दार लावून घेतलं. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. खोलीत मी एकटीच होते. आणि त्या वहीतली मराठी वाचू शकेल असं शाळेत दुसरं कोणी नव्हतंच.

वही सहावीतल्या विमल मेश्रामची होती. फळ्यावर मी प्रश्न दिला होता, 'तुम्हाला कशाची भीती वाटते?' बहुतेकांनी साप लिहिला होता. विमलनं घरच्या बोलीत अर्धं पान लिहिलं होतं.

'बाबा मरून जाईन अशी मले भीती वाटते. बाबाले फिट येते. या महिन्यात दोन डाव आली. जेवता जेवता ताट सांडते, मंग डोळे वर जाते. आई कांदा हुंगवते. बाबा रोज वर लोखंडावर चढते. कामावरच्या डॉक्टरनं विचारलं तवा बाबानं काही आजार नाई म्हून सांगतलं. आमाले पन तेच सांगाले लावलं. रोज सांजेले आमी पंचशील म्हनतो. चौथ्या शीलाले मी नुसते ओठ हालवते.'

मेश्राम कुटुंब भंडाऱ्याकडचं, काही वर्षांपूर्वी बौद्ध झालेलं. पंचशील म्हणजे त्यांच्या घरात रोज म्हणायची पाच व्रतं. चौथं व्रत खोटं न बोलण्याचं. अकरा वर्षांची पोर आईबापाशेजारी हात जोडून बसत होती आणि तेवढ्या एका ओळीला आवाज काढत नव्हती.

हे साठ सालच्या आगेमागेचं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. आमची शाळा सिस्टर्सनी चालवलेली. पक्की इमारत अर्धीच झाली होती, सहावीचा वर्ग टिनाच्या शेडमध्ये भरायचा. मुलं सगळ्या देशातून आलेली, मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी. धर्मशिक्षणाच्या तासाला वर्गाचे दोन भाग होत. ख्रिस्ती मुलं सिस्टर क्लारांकडे कॅटेकिझमला जात. कॅटेकिझम म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेची प्रश्नोत्तरं, पाठ करायची. उरलेली मुलं माझ्याकडे मॉरल सायन्सला. मी नागपूरच्या ख्रिस्ती घरातली, पण हिंदी-मराठी दोन्ही बोलणारी, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

मॉरल सायन्सचं पुस्तक कंटाळवाणं होतं. प्रत्येक धड्याच्या शेवटी खोटारड्याला शिक्षा होई आणि मुलं जांभया देत. म्हणून मी शुक्रवारचा तास रिफ्लेक्शनचा केला. आमच्या चर्चमध्ये उपवासाच्या दिवसांत आम्हाला गप्प बसून स्वतःच्या मनात डोकावायला लावत, त्यावरून मला हे सुचलं. दहा मिनिटं शांत बसायचं. मग प्रश्नाचं उत्तर वहीत लिहायचं, कोणत्याही भाषेत. तेलुगूत लिहिलेलं मला कळायचं नाही, मी खाली नुसती सही करायचे. त्यानंही काही बिघडत नसे.

पहिल्याच शुक्रवारी एकानं विचारलं होतं, टीचर, हे घरी दाखवणार का? मी म्हटलं, वहीतलं बाहेर जाणार नाही, कोणालाच सांगणार नाही. हे मी फार विचार न करता बोलून गेले. मुलांनी मात्र ते नीट ऐकून ठेवलं.

विमलचे वडील दौलत मेश्राम एका ठेकेदाराकडे रिगर होते. मोठमोठे लोखंडी गर्डर क्रेननं वर जातात. तिथं उंचावर उभं राहून, तारेचे दोर आणि कप्प्या लावून, ते जागेवर बसवून घेणारा माणूस म्हणजे रिगर. पाय ठेवायला वीतभर रुंद लोखंड. खाली दुसरी माणसं काम करत असतात. अशा ठिकाणी फिट आली तर तो एकटाच मरेल असंही नाही.

मी सोमवारपर्यंत कोणाला काही बोलले नाही. सोमवारी मधल्या सुट्टीत विमलला शेडच्या मागे घेऊन गेले आणि विचारलं, हे मी एखाद्या मोठ्या माणसाला सांगू का?  ती वेणीचं टोक तोंडात धरून म्हणाली, "टीचर, तुमी वचन देलं होतं." मी म्हटलं, हो, म्हणूनच तुला विचारते. तिनं मान हलवली. नाही. बाबाचं काम गेलं तर कॅम्पातलं घर जाईल, परत गावाला जावं लागेल, आणि गावात सहावीची शाळा नाही. हे सगळं तिनं आधीच विचार करून ठेवलं होतं.

त्या दुपारी मी सिस्टर क्लारांकडे गेले. त्या प्रिन्सिपलही होत्या. केरळच्या, हिंदी तोलून-मापून बोलणाऱ्या. नाव न घेता मी त्यांना सांगितलं, एका मुलीनं असं असं लिहिलंय. त्यांनी नाव विचारलं नाही. पण त्यांची पहिली काळजी शाळेची होती, आणि त्याचा मला तेव्हा राग आला. बाहेर लोक आधीच कुजबुजत होते की सिस्टर लोक पोरांना फितवून धर्म बदलायला लावतात. आम्ही पोरांच्या वह्या वाचून बापांच्या नोकऱ्या घालवतो असं एकदा झालं, तर शेड रिकामी व्हायला आठवडा लागला नसता.

मी विचारलं, कन्फेशनमधलं, म्हणजे पापाच्या कबुलीत ऐकलेलं, फादर कोणाला सांगत नाहीत, मग हेही तसंच समजायचं का?  त्या म्हणाल्या, "तू फादर नाहीस. असतीस तर सोपं होतं, गप्प बसायचं. तू टीचर आहेस. मूल पाण्यात पडलं तर टीचरनं उडी मारायची असते." ठेकेदाराच्या ऑफिसात मात्र जाऊ नकोस, आधी त्या माणसाशी स्वतः बोल, असं त्यांनी बजावलं. आणि मुलीचं नाव मध्ये येऊ देऊ नकोस. ते कसं जमवायचं, हे त्यांनी सांगितलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मला माहीत. प्लांटकडून काहीही मोठा आवाज आला की माझा खडू थांबायचा. रस्त्यावरून जीप गेली की मी शेडच्या दाराकडे बघायचे. बुधवारी भूगोलाच्या तासाला शिपाई चिठ्ठी घेऊन आला. विमल मेश्रामला ऑफिसात पाठवा.  विमलनं माझ्याकडे बघितलं. तिचाही चेहरा उतरला होता, म्हणजे आम्हा दोघींच्या मनात एकच आलं होतं. मी वर्ग तसाच सोडून तिच्याबरोबर गेले. ऑफिसात देवीची लस टोचणारा माणूस आला होता आणि यादीत तिला टोचल्याची नोंद राहिली होती. मी भिंतीला टेकून उभी राहिले. त्या माणसानं मला विचारलं, तुम्हालाही टोचायचंय का?

रविवारी चर्च आटोपून मी तशीच कॅम्पात गेले. कॅम्प म्हणजे बांधकामावरच्या लोकांची टिनाच्या खोल्यांची वस्ती. मेश्रामांची खोली स्वच्छ सारवलेली होती. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली पितळी दिवा. विमल पाणी भरायला गेली होती. तिच्या आईनं मला खाटेवर बसवलं आणि चहा ठेवला. दौलत मेश्राम समोर उकिडवे बसले. काटक, काळेसावळे, तळहाताला तारेचे वळ.

विमल अभ्यासात बरी आहे, इथपासून मी सुरुवात केली. मग म्हटलं, तुमच्या तब्येतीबद्दल कानावर आलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या शाळेच्या पिशवीवर गेली. मुलीचं नाव मी घेतलं नाही, पण घ्यायची गरजच उरली नाही.

"पोरीच्या वहीत तुमी कावून पाहाता?" ते आवाज न चढवता म्हणाले.

मी म्हटलं, चूक माझी, तिची नाही. पण आता मला कळलंय, तर गप्प कशी बसू?

"चार वर्सं झाले, वर चढून राहिलो. एक डाव तरी पडलो का?"

"पडायचं एकदाच असतं, मेश्रामभाऊ."

ते उठले. म्हणाले, खाली मजूर लोकांत घातलं तर मी पुन्हा गावातल्यासारखाच झालो. इथं वर चढल्यावर मला कोणी जात विचारत नाही, खालचे सगळे माझ्या हाताच्या इशाऱ्यावर चालतात. तुमाले हे नाई समजनार, बाई. त्यांचं खरं होतं. मी फक्त मृत्यूचा विचार करून आले होते. त्या उंचीवर त्यांना काय मिळत होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

चहा तसाच राहिला. परत निघाले तेव्हा नळावर विमल दिसली. मी कुठून येतेय हे तिनं ओळखलं आणि घागर तिथंच ठेवून पाठ फिरवली.

सोमवारी विमल आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारीही तिची जागा रिकामीच होती. शेजारची मुलगी सांगत होती, तिचं नाव काढणार आहेत. मी एक पत्र लिहिलं, सेफ्टी इन्स्पेक्टरच्या नावानं. माणसं पडू नयेत म्हणून देखरेख करणारा हा अधिकारी. पत्रात रिगरचं नाव आणि आजार, दोन ओळी, खाली सही नाही. सही नसलेलं पत्र लिहिणारी माणसं मला कधी आवडली नाहीत. ते पत्र मी पर्समध्ये ठेवलं आणि दोन दिवस पोस्टाच्या पेटीवरून येत-जात राहिले. रोज प्रार्थना करत होते. खरं सांगायचं तर प्रार्थना एवढीच होती की हे माझ्या हातून निघून दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जावं.

शनिवारी सकाळी असेम्ब्लीच्या वेळी विमलची आई फाटकाशी आली. विमल तिच्या मागे. मी पळतच गेले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "बाई, ते काल गेले फोरमनकडं. सोताच गेले."

मग तिनं सांगितलं ते असं. आठवडाभर घरात कोणी धड बोलत नव्हतं. बाप पोरीकडे बघत नव्हता. पण संध्याकाळी पंचशील चुकलं नाही. गुरुवारी तिघं बसली, म्हणू लागली. चौथ्या शीलाला विमल थांबली. या वेळी नुसते ओठही हलवले नाहीत, सरळ हात खाली घेतले. बापानं विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "मले नाई म्हनता येत, बाबा. तुमी पन नोका म्हनू." आईला वाटलं, आता मार बसणार. दौलत मेश्राम तसेच बसून राहिले. पाचवं शील त्या दिवशी कोणी म्हटलं नाही. सकाळी डबा न घेता ते गेले आणि फोरमनला सगळं सांगून आले.

फोरमन बंगाली होता. तो आधी भयंकर चिडला, मग डॉक्टरकडे घेऊन गेला. वर चढायचं कायमचं बंद झालं. कामावरून काढतील असंच सगळ्यांना वाटत होतं, मलाही. पण कोणती तार किती भार पेलते हे त्यांना नुसतं हात लावून कळत होतं, आणि असा माणूस फोरमनला सोडायचा नव्हता. त्यांना यार्डात ठेवलं, तारा आणि कप्प्या तपासून वर पाठवायच्या कामावर. दीड-दोन महिन्यांनी त्यांना यार्डात भर दुपारी फिट आली. सपाट जमिनीवर पडले. भुवईवर टाके पडले, दुसरं काही नाही. पुढे गोळ्या सुरू झाल्या. ते नोकरी पुरी करून निवृत्त झाले. मला रस्त्यात भेटले की नमस्कार करत, पण थांबून कधी बोलले नाहीत.

पत्र मी फाडून टाकलं. ते पेटीत टाकलं असतं की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. टाकलंच असतं, असं म्हणायला मला आवडेल.

विमल त्या सोमवारपासून नियमित येऊ लागली. माझ्याशी नीट वागायची. विचारलं तर उत्तर द्यायची. शुक्रवारी रिफ्लेक्शनला सुंदर अक्षरात, शुद्ध हिंदीत पानभर लिहायची. बागेत फुलं उमलतात, आपण मोठ्यांचा आदर करावा, वगैरे. मॅट्रिक होईपर्यंत तिनं माझ्यासमोर मराठीत पुन्हा एक ओळ लिहिली नाही. मी माफी मागितली होती. ती म्हणाली, काही नाही टीचर, बरंच झालं. तेही शुद्ध हिंदीत.

त्या वर्षापासून मी वर्गाला सांगायचं वाक्य बदललं. वहीतलं मी माझ्याजवळ ठेवीन, पण कोणाच्या जिवाला धोका असेल तर ठेवणार नाही, सांगावं लागेल, आणि आधी तुम्हाला विचारून सांगेन. पुढची बावीस वर्षं दर जूनला मी हे सांगत आले. नव्या टीचर्सनाही हेच सांगायला शिकवलं. वाक्य खरं आहे आणि पाळता येतं. एवढंच झालं की तेव्हापासून भीतीचा प्रश्न दिला की सगळ्याच वह्यांत साप निघायचा.