किल्लीवाल्याचा अंगठा

बाजाराच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो किल्ल्या करून देतो. गल्लीत सगळे त्याला शंकेखोर म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. जावई वाकून पाया पडला, तरी याचं काय काम अडलं असेल, हे तो आधी मनात ताडून पाहतो. धंदाच तसा. साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा मिळाला की कुलूप कितीही महागाचं असो, उघडतंच, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

सरकारी आरोग्य विमा आता हातावर पोट असणाऱ्यांनाही मिळणार, हे सांगायला आरोग्यसेविका आली, तेव्हा त्याने हातातली कानस खालीसुद्धा ठेवली नाही.

“फुकटात ऑपरेशन? आणि त्यांना काय मिळणार?”

“काही नाही हो दादा. फक्त तुमचा अंगठा लागेल.”

“फक्त,” तो म्हणाला. “ठसा एकदा दिला की मागे राहिलं काय?”

बायकोच्या पित्ताशयात खडे होते. कळ आली की ती पोटाशी उशी धरून भिंतीला टेकून बसे. “तुमच्या शंकांपायी मी जायची एक दिवस,” ती एका रात्री शांतपणे म्हणाली. ती चिडून बोलली असती, तर त्याने वाद घातला असता. सकाळी तो मुकाट्याने नोंदणीच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

कुटुंबप्रमुखाने उजवा अंगठा यंत्रावर ठेवायचा होता. टेबलामागची मुलगी संगणकात बघत होती. याने हळूच डाव्या हाताची करंगळी टेकवली. कार्ड मिळालं. खरा प्रकार त्याने घरीही सांगितला नाही.

पुढे बायकोला कळा सोसेनात, तेव्हा तिला सरकारी रुग्णालयात आणलं. विम्याच्या खिडकीवरच्या बाईंनी त्याचा अंगठा स्वतःच धरून यंत्रावर दाबला. लाल दिवा. पुसून पुन्हा दाबला. पुन्हा लाल.

“काका, हे कार्ड नक्की तुमचंच ना?” त्यांनी त्याला खालीवर न्याहाळलं. “ठसा जुळल्याशिवाय मला पुढे पाठवता यायचं नाही.”

आयुष्यात पहिल्यांदाच कोणी त्याच्याकडे त्याच्याच नजरेने बघत होतं. चाकाच्या खुर्चीतून बायकोने मान वर केली.

“काय करून ठेवलंत?”

त्याने डावी करंगळी टेकवली. हिरवा दिवा लागला.

“अंगठा जरा हातचा राखून ठेवला होता,” तो पुटपुटला.

“असं कोणी करतं का हो?”

“हे करतात,” बायको कण्हत म्हणाली. “आता खरा अंगठा देऊन टाका त्यांना.”

बाईंनी नोंद दुरुस्त केली. या वेळी त्याने अंगठा आपणहून पुढे केला, पण उचलल्यावर यंत्राची काच बाहीने पुसून काढली.

मग तिला आत नेलं. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार नुसतं ढकललं की उघडणारं, कडी नाही, कुलूप नाही. त्याला ते मुळीच पटलं नाही. तो स्टूल ओढून दाराला खेटून बसला. नर्सने सरकायला सांगितलं. तो सरकला, वीतभर.