बोरकरांच्या बाबांनी काहीही नाकारलं नव्हतं

नागपूरच्या बोरकरांचे कैलासवासी वडील त्यांच्यावर मुळीच नाराज नव्हते. ती अफवा मी पसरवली, आणि तीही ॲपमधून.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमचे काका काशीत, दूधविनायकात राहतात आणि बालाजी घाटावर श्राद्धं करतात. यजमानांना घरबसल्या दिवस ठरवता यावा म्हणून मी त्यांना ॲप करून दिलं. संकल्प सांगताना काका देवाला देश, काळ, तिथी, गोत्र, सगळं सांगतात. मग यजमानापासून तरी काय लपवायचं? (इतका मी प्रामाणिक! हाच माझा रोग.) ॲप आतल्या आत जे काही करतं, ते यजमानाला कळवायची मी चोख सोय केली.

बोरकरांनी श्राद्धाचा दिवस नोंदवला. नेमकं तेव्हाच आमच्या गल्लीतलं नेट गचके खात होतं आणि सर्व्हरही तुंबला होता. त्यांना संदेश गेला: 'श्राद्ध. पहिला प्रयत्न अयशस्वी. दुसरा प्रयत्न अयशस्वी. तिसऱ्या प्रयत्नात स्वीकारले.'

लगेच काकांना फोन! "गुरुजी, बाबांनी दोनदा नाकारलं?"

"अरे, हे काय बवाल केलंस?" म्हणत काकांनी फोन माझ्या हातात कोंबला.

"तसं नाही हो बोरकरसाहेब! विनंती वाटेतच अडकली. पुढे रांग होती ना!"

"तिथेही रांग?" बोरकरांना हुंदका फुटला.

"रांग म्हणजे कशी, की सर्व्हरची मेमरी…"

"अब चुप!" काकांनी फोन हिसकावला. "जितकं समजावतोस तितकं बिघडतंय!"

घाबरून मी सगळा तपशील काढला आणि नवा संदेश धाडला: 'काम झालं.'

"आता लपवताय!" बोरकर गरजले. "आम्ही दुसरे गुरुजी बघतो!"

"तीन पिढ्यांचे यजमान घालवलेस," काकू म्हणाल्या. "घे, अजून चहा घे."

ठरल्या दिवशी बोरकर घाटावर उतरले, ते दुसऱ्या गुरुजींच्या शोधात. मी आडवा गेलो, हात जोडले. "साहेब, चूक माझी. बाबांनी काहीही नाकारलं नाही."

"मला काय सांगता? बदनामी त्यांची झाली. त्यांची माफी मागा, मग विधी तुमच्या काकांकडेच!"

झालं! काकांनी पिंड मांडले, बाबांचं नाव-गोत्र उच्चारलं आणि मला पुढे ढकललं.

"बाबा, क्षमा असावी," मी सुरुवात केली. "त्या दिवशी सर्व्हरवर लोड…"

"थोडक्यात!" काका आणि बोरकर एकदम ओरडले.

"चुकलो," मी म्हणालो.

(सर्व्हरचं बाकीचं मी बाबांना मनातल्या मनात सांगून टाकलं.)