बसचं सूतक

महागाईच्या नावानं बोटं मोडत नाही असा माणूस इंदुरात शोधून सापडायचा नाही. सकाळी पोह्यांच्या गाड्यापाशी उभं राहावं, जो तो महागाईला शिव्या घालत असतो आणि घालून झाल्या की आणखी एक जलेबी मागवत असतो. पण महागाईचं रीतसर सूतक पाळणारा माणूस अख्ख्या माळव्यात एकच निघेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघावा हे माझं प्राक्तन. माझी मुलगी जुई त्यांना मामा म्हणते, आणि तिचं ऐकून आता मीही म्हणतो. राहायला अन्नपूर्णा भागात, मंदिरामागच्या गल्लीत. वय सत्तरीला टेकलेलं, आवाज मात्र अजून चाळिशीतला, आणि तो आवाज कुणाचे तरी वाभाडे काढण्याखेरीज दुसऱ्या कामाला लागलेला मी पाहिलेला नाही.

सूतक म्हणजे अगदी शास्त्रोक्त. दाढी नाही, देवपूजा नाही, कुणाला शिवायचं नाही आणि स्वैपाकात फोडणी नाही. नात्याच्या जवळिकीप्रमाणे दिवस ठरलेले. पेट्रोल वाढलं तर नुसती अंघोळ, कारण मामांकडे गाडी नाही, म्हणजे नातं लांबचं. तूरडाळ वाढली तर तीन दिवस. सिलिंडर वाढला तर पुरते दहा. सिलिंडरच्या सुतकात फोडणी बंद ठेवल्यानं गॅस वाचतो तो वाचतोच, असं एकदा मी म्हणालो, तर मामा म्हणाले, “जावईबापू, आपले पूर्वज काय वेडे होते का?” मामींचं मत वेगळं आहे. “सूतक यांचं आणि मिळमिळीत वरण गिळायचं आम्ही,” त्या म्हणतात. “आणि शेजारून पुरणाचा वास आला रे आला की यांचं सूतक बरोबर फिटतं.” एकदा ऐन दहा दिवसांत मी त्यांच्याकडे गेलो होतो. उठताना सवयीप्रमाणे “येतो” म्हणालो, तर माणूस केवढ्यानं खेकसला! “सुतकाच्या घरातून निघताना ‘येतो’ म्हणतात का? तुमच्या विजय नगरात फ्लॅटबरोबर अक्कल भाड्यानं देतात वाटतं!” तेव्हापासून त्यांच्या घरून निघताना मी मुकाट्यानं चपला घालतो आणि चालू लागतो. न जाणो, त्या दिवशी कशाचं सूतक चालू असेल.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कुठून, याचा उलगडा त्यांनी मला एकदाच केला. ऐन उमेदीत ते मिलमध्ये टाइमकीपर होते. ती मिल बंद पडली. “बंद पडली हेसुद्धा तुम्ही म्हणता,” मामा म्हणाले. “आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आज भोंगा वाजेल, उद्या वाजेल करत राहिलो. रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायचो, फाटकाशी बसून डबा खायचो आणि घरी यायचो. मेलेल्या मिलपाशी जेवत होतो हो मी! तेव्हाच ठरवलं, आता जे जाईल त्याचं तिथल्या तिथं सूतक. अंघोळ करायची आणि मोकळं व्हायचं. वाट नाही बघायची कुणाची.” एवढं बोलून त्यांनी लगेच विषय बदलला आणि शेवेच्या भावावर घसरले. पुढे त्यांनी एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहून संसार ओढला, पण भोंग्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्यामुळे मामांच्या तोंडून शहराची हकीकत ऐकणं म्हणजे मयतांची यादी ऐकणं. कोपऱ्यावरची लाल टपालपेटी एके दिवशी उखडून नेली, तिची अंघोळ. गल्लीतल्या सरकारी दवाखान्यात आधी औषधं संपली, मग डॉक्टर संपला, शेवटी फलक तेवढा उरला. त्याचे तीन दिवस. बगिच्यातला दिवा, वाचनालयातलं वर्तमानपत्र, रेशनच्या दुकानातली साखर, सगळ्यांना मामांनी पोहोचवलं. शहराला स्वच्छतेचं पहिलं बक्षीस मिळालं की आम्हा सगळ्यांची छाती फुगते. मामा म्हणतात, “रस्ता स्वच्छ असणारच. त्याच्यावर बस नाही, दिवा नाही, फुटपाथावर पाय ठेवायला जागा नाही. घाण करायला माणूस पोहोचेल कसा तिथपर्यंत?” पोह्यांच्या गाड्यावर त्यांनी एकदा प्लेट हातात घेऊन नीट निरखली आणि गाडीवाल्याला विचारलं, “भिया, इसमें सेव डाली है के सिरफ उसका नाम लिया है?” गाडीवाल्यानं मुकाट्यानं आणखी चिमूटभर शेव टाकली. मामांनी ती खाल्ली आणि म्हणाले, “ही सहानुभूतीची शेव. चव नाही हिला.”

या सगळ्या निंदेतून एकच गोष्ट सुटली होती, ती म्हणजे अन्नपूर्णेहून आमच्या विजय नगरला येणारी सिटी बस. दर गुरुवारी मामा त्या बसनं आमच्याकडे यायचे. जुई शाळेत होती तेव्हापासूनचा हा नेम. हातात शेवेचा पुडा, खांद्याला पिशवी. आल्या आल्या लिफ्टला नावं ठेवायची, मग माझ्या सोफ्याला, मग जुईला समोर बसवून गोष्टी सांगायच्या. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या एका काकांच्या, जे नर्मदा परिक्रमेला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. जुई कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी गुरुवारी संध्याकाळी ती घरी हजर असायची. मामा येताना कंडक्टरशी भांडलेले असायचे, आणि ते भांडण ते इतक्या लाडानं सांगायचे की जणू नातवाचीच खोडी सांगताहेत.

मग बसला उतरती कळा लागली. आधी अर्ध्या तासानं यायची ती तासानं येऊ लागली, मग तिची वेळ उरली नाही, मर्जी उरली. एक दिवस ती आली नाही, आणि पुढच्या गुरुवारीही आली नाही. मामा थेट बसच्या ऑफिसात जाऊन धडकले. तिथल्या बाबूनं मोबाइलवरून नजर न उचलता सांगितलं, “अंकल, रूट बंद थोडी हुआ है। रूट तो चालू है। बस गाडी नी आ री।” मामांनी हे वाक्य महिनाभर प्रत्येकाला ऐकवलं. “म्हणजे माणूस जिवंत आहे, फक्त श्वास तेवढा नाही!” रिक्षावाल्यांनी संधी साधून दर वाढवले. मोबाइलवरून मागवलेली गाडी तर पाऊस पडला म्हणून दुप्पट पैसे मागायची, ऊन पडलं म्हणूनही मागायची. मी आणायला येतो म्हटलं तर मामांनी मला झिडकारलं. “मी या शहराचा नागरिक आहे, तुमचं पार्सल नाही.” आणि त्यांनी बसचं सूतक धरलं. या सुतकाला मात्र दिवसच नव्हते. “दहन कुणी केलं नाही, दहावा कुणी घातला नाही. फिटणार कसं?” गुरुवार सुने झाले. जुई संध्याकाळी उगीचच दारापर्यंत जाऊन यायची.

अशातच तिचं लग्न ठरलं. मुलगा नागपूरचा, नोकरीला बेंगळुरूत. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामानं आणायचं असतं, आणि माझ्या बायकोला भाऊ एकच. आम्ही तिघं अक्षत घेऊन अन्नपूर्णेला गेलो. मामा ओसरीत बसले होते, दाढी छातीकडे निघालेली. बायकोनं अक्षत पुढे केली तसे ते मागे सरले.

“सुतकात अक्षत घेत नाहीत.”

“दादा, पुरे हां आता!” बायकोचा आवाज चढला. “माझ्या पोरीचं लग्न आहे!”

“तिला माझे आशीर्वाद आहेत. पण मी अशुद्ध माणूस, शुभकार्याला येणार नाही. माझ्या तत्त्वाचा प्रश्न आहे.”

बायकोनं तिथल्या तिथं गुरुजींना फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. गुरुजी आधी हसले, मग प्रकरण खरं आहे म्हटल्यावर गंभीर झाले. “निर्जीवाचं सूतक नसतं हो, दादासाहेब. मतलब, शास्त्रात तसा आधारच नाही.”

“निर्जीव?” मामा कडाडले. “गुरुजी, तुमच्यापेक्षा जास्त माणसं जोडली होती तिनं!”

गुरुजींनी फोन ठेवला. बायको पदर तोंडाला लावून आत मामींकडे गेली. मला खरोखर संताप आला होता. एका खटारा बससाठी हा माणूस माझ्या मुलीला मामाविना बोहल्यावर उभी करायला निघाला होता, आणि वर तत्त्व सांगत होता! मी काहीतरी लागेलसं बोलणार इतक्यात जुई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, गुरुवारी बसायची तशी.

“मामा, एक मिनिट. ऑफिसवाला एक्झॅक्टली काय बोलला होता? बस बंद झाली असं बोलला?”

“नाही. म्हणाला रूट चालू आहे, गाडी येत नाही.”

“कुठे नोटीस लागली? पेपरमध्ये आलं?”

“ते कसली नोटीस लावतात! चोर आहेत सगळे.”

“मग ती गेली हे तुम्हाला कुणी सांगितलं?” जुई म्हणाली. “तुमचे काका परिक्रमेहून नाही आले, तेव्हा घरात सूतक धरलं होतं का?”

मामांनी दाढीत बोटं घातली.

“तुम्हीच तर सांगितलंय ना मला. काकूआजींनी बारा वर्षं कुंकू नाही पुसलं. बेपत्ता माणसाचं सूतक नसतं, मामा. त्याची वाट बघायची असते.”

मामांनी नजर गल्लीकडे वळवली. “वाट बघणं मी सोडलेलं आहे, बेटा,” ते म्हणाले, आणि त्या आवाजात वाभाडे काढण्यासारखं काहीच नव्हतं. जुईनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. सुतकातल्या माणसाला शिवायचं नसतं, तरी त्यांनी तो हात झटकला नाही. मग खाकरून म्हणाले, “दे ती अक्षत. आणि तुझ्या आईला सांग, रडणं बंद कर म्हणावं. चहात खारट पाणी पडलं तर साखर जास्त लागेल, आणि ती किती महाग झाली आहे!”

लग्नाला मामा-मामी तीन ई-रिक्षा बदलून आले. मामा गुळगुळीत दाढी करून, फेटा बांधून, आणि मामी पैठणी गुडघ्यांत सावरत. प्रत्येक रिक्षावाल्यानं कसं लुबाडलं हे वरपक्षाला सविस्तर कळलं. मामांनी जुईला हात धरून बोहल्यावर आणलं आणि तिच्या मागे उभे राहिले. मंगलाष्टकांच्या मध्ये मान किंचित वळवून मला म्हणाले, “अक्षता काय मोजून वाटल्यात का? दोन दाणे आले हातात.” एवढं बोलताना त्यांचा दुसरा हात जुईच्या खांद्यावर होता, आणि पाठवणीपर्यंत तो हात बहुतेक वेळ तिथेच होता. गाडी निघाली तेव्हा आम्ही सगळे रडलो. मामा तेवढे गाडीच्या नंबराकडे बघत म्हणाले, “टोलला मरणार बिचारे.”

जुई बेंगळुरूला गेली. तिचा फोन येतो, तिकडच्या भाड्याचे आकडे सांगते, आणि ते ऐकून मामा तिला फोनवर धीर देतात. इकडे पोहे आणखी महागले, शेव आणखी विरळ झाली, सिलिंडर वाढला. पण मामींच्या स्वैपाकघरात फोडणी बंद झाली नाही. मामांनी त्यानंतर कशाचंच सूतक धरलं नाही. मामींनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांनाच ते अवघडल्यासारखं वाटत होतं.

परवा गुरुवारी काही कामानं मी अन्नपूर्णेला गेलो होतो. संध्याकाळची वेळ. बसथांब्याचं छप्पर कुणीतरी काढून नेलं आहे, बाक तेवढा शिल्लक आहे. त्या बाकावर मामा बसले होते. खांद्याला पिशवी, हातात शेवेचा पुडा.

मी स्कूटर थांबवली. “मामा, इथे कसे?”

“गुरुवार आहे,” ते म्हणाले.

“अहो, जुई आता इथे नाही.”

“बेंगळुरूला आहे ते मला माहीत आहे. माझी स्मृती गेलेली नाही, गेली आहे ती तुमच्या शहराची अब्रू.”

“मग चला माझ्याबरोबर घरी. जुईला व्हिडिओवर बोलावू. बसा मागे.”

मामांनी रस्त्याच्या टोकाकडे एकदा नजर टाकली. तिकडून फक्त मोटारी येत होत्या. “आणि मी उठलो आणि नेमकी आली तर?” ते म्हणाले. “बारा वर्षं बघायची असते वाट. अक्षत घेतली म्हणजे पोरीला शब्द दिला आहे मी. बारा वर्षांनी मी नसेन कदाचित, पण तोवर त्या बाबूला तरी कळेल की कुणीतरी बसलं होतं.”

मी त्यांच्या पुड्यातली चिमूटभर शेव तोंडात टाकली, थोडा वेळ त्यांच्याशेजारी बसलो. अंधार पडू लागला. मग मी उठलो, आणि जुन्या धाकानं काही न बोलता स्कूटर सुरू केली. दहा पावलं गेलो असेन, मागून तोच चाळिशीतला आवाज आला.

“अहो जावईबापू, ‘येतो’ म्हणून जा की! इथे कुणी गेलेलं नाही.”