उल्केची काळी साल

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून काचा घासायचं त्याचं काम. पुढे गिऱ्हाइकाचा नंबर काढायचे आणि काच फ्रेममध्ये बरोब्बर बसेपर्यंत हा मागे मान वाकवून घासत राहायचा. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. त्याला नाद एकच होता, आकाशातून पडलेल्या दगडांचा. मोठा दगड घ्यायची ऐपत नव्हती आणि तशी हावही नव्हती. उल्कांचे वाटाण्याएवढे, चिंचोक्याएवढे तुकडे तो कुणाकडून अदलाबदलीत, कुणाकडून विकत मिळवायचा आणि बायकोच्या कानातल्यांच्या डब्यांत कापूस घालून ठेवायचा.

"मग मी माझी कानातली कुठे ठेवू?" ती विचारायची.

"कानात," हा म्हणायचा.

लग्नानंतर तोच तिच्या घरी राहायला आला होता, कारण तिचे वडील एकटे होते. दारांच्या पितळी मुठी आणि कड्या पॉलिश करण्यात त्यांचा जन्म गेला होता. धंदा बंद केला तरी पॉलिशचं मशीन त्यांनी मागच्या पडवीत जपून ठेवलं होतं. लोक त्यांना चिडवायचे, "जावई म्हणजे दहावा ग्रह, आणि तुम्ही तो हौसेने घरात आणलात!" सासरे म्हणायचे, "दहावा असो नाहीतर अकरावा, चहा बरा करतो."

आणि मग ती गेली. दुखणं इतक्या झपाट्याने आलं की धड काळजी करायलाही सवड मिळाली नाही. मागे राहिले ते हे दोघे, ज्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तिच्यापुरतंच होतं. नातेवाईक त्याला म्हणाले, "अजून वय आहे तुझं, स्वतःचा संसार बघ." तो "बघू" म्हणाला आणि तिथेच राहिला. म्हाताऱ्याने जा म्हटलं नाही, राहा असंही म्हटलं नाही. जेवताना "मीठ लागेल का, जावईबापू?" "नको, मामा," एवढंच काय ते बोलणं. तिचा विषय कुणी काढत नसे. एकाने काढला तर दुसऱ्याला घास गिळवणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

त्या डब्यांतला एक दगड तिने दिलेला होता. कुठून मिळवला ते तिने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सुपारीएवढाच, पण पडताना हवेत जळून अंगावर धरलेली काळी साल सगळीकडून शाबूत. असा दगड सहसा हाती लागत नाही. ज्याला कळतं तो आधी ती साल बघतो.

चष्मेवाल्याच्या वाढदिवशी, तो कामावरून आला तर टेबलावर तीच डबी उघडी होती. आतला दगड करडा, गुळगुळीत आणि नव्या मुठीसारखा चकाकत होता. सासरे शेजारी उभे होते. त्यांची बोटं पॉलिशने काळी झाली होती.

"पोरीने दिलेला ना हा?" ते म्हणाले. "आणि तुम्ही तसाच काळाकुट्ट ठेवलेला. म्हटलं, आज चमकवून द्यावा. ती गेल्यापासून मशीनला हात लावला नव्हता मी. आज लावला."

चष्मेवाल्याने दगड उचलून सगळीकडून फिरवून बघितला.

"छान झालाय ना?"

"छान झालाय, मामा."

मग तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिला.

पुढे काही महिन्यांनी, त्याच नादाच्या एक निवृत्त शिक्षिका त्याच्याकडचे दगड बघायला आल्या. तो स्वयंपाकघरात चहा टाकत होता, सासरे बाहेर त्यांच्याजवळ बसले होते. बाईंनी ती डबी उघडली आणि त्या एकदम ओरडल्या, "अरे देवा! याची साल कुणी काढली? सगळी वाट लावली की हो दगडाची!"

आतून आवाज आला, "मीच काढली. आत काय आहे ते बघायचं होतं."

बाई हळहळत चहा प्यायल्या आणि गेल्या. सासरे खुर्चीतून हलले नव्हते. कप उचलायला तो वाकला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं.

"मला बोलला का नाहीस?"

इतक्या वर्षांत ते त्याला कधी अरे-तुरे करून बोलले नव्हते. त्याने कप परत खाली ठेवला.

"तुम्ही इतक्या हौसेने केलं होतंत," तो म्हणाला. "आणि मशीन सुरू केलं होतंत."

"अरे वेड्या, पण तिने दिलेला होता रे तो!" म्हाताऱ्याचा आवाज फुटला. मग ती गेल्यापासून साठलेलं सगळं त्यांच्या डोळ्यांतून वाहायला लागलं. चष्मेवाला जमिनीवर, त्यांच्या पायांशी बसला. तोही रडला. ती चहात साखर किती घालायची इथपासून त्या दोघांनी तिच्याबद्दल बोलायला सुरुवात केली आणि दिवे लावायचं राहून गेलं.

दिवा लागल्यावर त्याने दुकानातलं भिंग सासऱ्यांच्या हातात दिलं. "खरं सांगू, मामा? पॉलिश झालं म्हणून आतलं दिसलं. माझा हात कधी धजला नसता. बघा तर."

त्यांनी एक डोळा मिटून बघितलं. "मोहरीसारखे गोल गोल दाणे दिसतात. मध्येच काहीतरी चमकतंय."

"ते लोखंड. आणि ते दाणे पृथ्वीच्याही आधीचे आहेत."

"पृथ्वीच्या आधीचे?" सासऱ्यांनी भिंग खाली घेतलं. "आणि मी त्यावर पॉलिश मारलं!"

दोघेही हसायला लागले. हसू आवरेचना.

त्यानंतर नातेवाइकांनी त्याला संसाराचं विचारायचं सोडलं. आता नवा तुकडा आला की सासरे त्याची एकच बाजू, नखाएवढीच, घासतात आणि दर मिनिटाला "बास का?" म्हणून विचारतात. सुटीच्या दिवशी दोन खुर्च्या खिडकीशी ओढलेल्या असतात. भिंग एकच, त्यावरून भांडणं. "किती वेळ बघतोस, दे इकडे!" शेवटी चष्मेवाल्याने दुकानातून दुसरं भिंग आणलं. ते कपाटात तसंच पडून आहे. म्हाताऱ्याला हवं असतं ते जावयाच्या हातातलं.