दाजी आणि अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर

आमच्या साडूंइतकं निरुपयोगी ज्ञान डोक्यात घेऊन हिंडणारा माणूस पुण्यापासून बेळगावापर्यंत दुसरा सापडायचा नाही, हे मी पैजेवर सांगतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो, आणि माझ्या लग्नाला सत्तावीस वर्षं होऊनही ते मला पावणंच म्हणतात. उद्यमनगरात त्यांचं पॅटर्नचं शॉप आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या भागाची लाकडाची हुबेहूब प्रतिकृती लागते, ती हे घडवतात. हात असा की केसाएवढा फरक नुसत्या बोटाला कळतो. अशा माणसानं साठीच्या तोंडावर परसात चार नारळ लावावेत, संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मारावी आणि गप घरी यावं. दाजींनी तीन वर्षं बर्फावर घसरायच्या फळ्या निवडण्यात घालवली. तीही कोल्हापुरात, जिथं बर्फ उसाच्या रसात दिसतो आणि तोही नको म्हणून सांगणारे निम्मे असतात.

हे खूळ शिरलं ते हिमाचलच्या एका सहलीत. मनालीच्या वर बाकी मंडळी भाड्याचे लोकरी कोट घालून फोटो काढत होती आणि दाजी एका डोंगराकडं तोंड करून तासभर उभे होते. त्या डोंगरावर एक म्हातारा पायांत स्की घालून चढत होता. तिथं लोखंडी दोरीवरचा पाळणा नव्हता, रस्ता नव्हता. म्हातारा आपल्याच पायांनी नागमोडी वर गेला, माथ्यावर जरा थांबला आणि सरसर उतरून दाजींच्या पुढून निघून गेला. परतल्यावर दाजींनी शॉपवर मला ही हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाले, "पावणं, खाली कुणीबी घसरतंय. त्यो वर चढत हुता की." मला त्यात डोकं खाजवण्यासारखंही काही वाटलं नाही. ते मात्र त्या दिवसापासून माणसातून उठले.

सरळ एखादी स्की विकत घेऊन मोकळं होणं हे दाजींच्या रक्तात नाही. हा माणूस बनियन घेतानाही शिवण उलटी करून बघतो. त्यांनी इंटरनेटवरची पानंच्या पानं वाचली, नातवाच्या जुन्या वहीत लिहून काढली आणि मग जो भेटेल त्याला शिकवायला सुरुवात केली. "बर्फ म्हंजे काय एकच अस्तोय व्हय?" अशी सुरुवात व्हायची. "सकाळी दगड, दुपारी खीर, आनि सावलीत गेलं की परत दगड. ह्या तिन्हीवर चालंल ती खरी स्की." मग रुंदीचं पुराण. पायाखाली शंभर मिलिमीटरच्या वरची स्की मऊ बर्फावर झकास तरंगते, पण कडक बर्फावर तिची कड पायापासून लांब पडते, घोट्यावर सगळा जोर येतो आणि कड सुटते. पंचाहत्तरची घ्यावी तर कडकावर चाकूसारखी चालते, पण दुपारच्या खिरीत गुडघ्यापर्यंत बुडते. तेव्हा घ्यायची ती अठ्ठ्याऐंशी. हा आकडा दाजींनी काढला आणि त्यानंतर तो देवाच्या नावासारखा जपला. नव्वद का नको म्हणून विचारणाऱ्या एका बिचाऱ्या एलआयसी एजंटाला त्यांनी पाऊण तास उभं ठेवलं. तो पॉलिसी न विकता गेला आणि पुन्हा त्या गल्लीत दिसला नाही. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मर्यादित साधनांतून निवड कशी करावी हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. त्यातलं एक अक्षरही या माणसाला लागू पडत नव्हतं, कारण याच्याकडं निवड होती आणि बर्फच नव्हता.

बर्फाची सोय दाजींनी केलीच. त्यांच्या शाळेपासूनच्या एका दोस्ताचा बर्फाचा कारखाना आहे. त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांच्या कारखान्यात दाजींनी लादी तिरकी मांडली आणि आपणच घडवलेल्या निरनिराळ्या रुंदीच्या फळ्यांना पोलादी पट्ट्या ठोकून, वर उभं राहून, कुठली कड किती धरते हे बघायचा उद्योग आरंभला. मला एकदा लादी धरायला उभं केलं होतं. माझी बोटं निळी पडली. दाजी मात्र फळी उचलत, कानशीनं कड दोनदा घासत, अंगठ्याच्या नखावर धार बघत आणि पुन्हा चढत. चाचा खुर्चीत बसून बघत होते. मला म्हणाले, "सर, पंचेचाळीस साल झालं बर्फ विकतोय. पर बर्फाला एवढी इज्जत देणारा ह्यो पयलाच." मऊ बर्फासाठी दाजी आजऱ्याला गेले. तिथल्या एका भात गिरणीमागं तुसाचा डोंगर साठला होता, त्यावरून त्यांनी स्वतःला सोडून दिलं. गिरणीतल्या बायकांनी त्यांना कमरेएवढ्या तुसातून ओढून काढलं. पुढं आठ दिवस ते कुठंही बसून उठले की खाली चार तुसं पडलेली असायची. त्यावरही निष्कर्ष निघालाच, की अठ्ठ्याऐंशी थोडी बुडते, पण निभतं.

घरात आमच्या अक्काचं, म्हणजे माझ्या मेव्हणीचं, यावर काय मत असेल हे सांगायला नको. तिचं माहेर लिंगायत, गडहिंग्लजकडचं. घरात अंडंसुद्धा येत नाही. चढताना स्की मागं घसरू नये म्हणून तिच्या तळाला केसाळ पट्टा चिकटवतात. त्याला इंग्रजीत 'स्किन' म्हणतात, त्याचं दाजींनी निष्पापपणे मराठी केलं आणि जेवताना सांगून टाकलं की तळाला लावायचं कातडं पुढच्या आठवड्यात येणार. अक्कानं ताटावरून हात उचलला. ते नायलॉन असतं हे पटवायला दाजींना तीन दिवस लागले. पार्सल आल्यावर अक्कानं पट्ट्याचं एक टोक कापून, जाळून, वास घेऊन खात्री केली. त्या पट्ट्याचा गोंद थंडीत टिकतो का हे बघायला दाजींनी तो तिच्याच फ्रीजमध्ये, लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवला. "ह्यांनी लगीन करताना मला इतकं बघितलं न्हवतं," असं अक्का माझ्या बायकोला फोनवर म्हणाली. मला वाटतं, तिचं खरं दुःख तिथं होतं.

अखेर स्की आल्या. अठ्ठ्याऐंशीच्याच. वजनाला बेताच्या, टोकाशी किंचित उचललेल्या, पायाखाली कडक. बूट अडकवायची मागची पकड एका स्क्रूनं पुढंमागं सरकायची. ती तशीच हवी म्हणून दाजींनी दोन महिने वाट पाहिली होती. "कुनाचा बी बूट बसाय पायजे," ते म्हणाले. मी विचारलं, दुसऱ्याचा बूट कशाला बसवणार आहात? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच अडाणी. मार्चमध्ये आम्ही मनालीला गेलो. आम्ही म्हणजे ते स्की करायला आणि मी त्यांचे गुडघे सांभाळायला. अक्कानं मला तशी गळच घातली होती.

तिथं रोशन नावाचा तिशीतला वाटाड्या होता आणि आमच्यासोबत बेंगळुरूची एक डॉक्टर बाई. तिची स्की रुंद, रोशनचीही रुंद आणि जुनी. पहिले तीन दिवस ताजा मऊ बर्फ पडलेला. त्या दोघांच्या स्की तरंगत गेल्या आणि दाजींची जोडी भाकरीच्या पिठात सुरी रुतावी तशी रुतत राहिली. दाजी डावीकडं पडले, उजवीकडं पडले, एकदा बसल्या जागी पडले. मी मेंढपाळांच्या सपाट वाटेवरून चालत होतो, हातात बिस्किटाचा पुडा होता, आणि खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटत होतं. रोशन नम्रपणे म्हणाला, "अंकलजी, इधर सब चौड़ा लेते हैं." तीन वर्षं, एक वही आणि चाचांच्या किती लाद्या, सगळ्याचा निकाल त्या एका वाक्यात लागला. जेवताना मी दाजींना विचारलं, "नव्वद घेतली असती तर?"  त्यांनी डाळ ओतून घेतली आणि ते खाली मान घालून जेवले.

चौथ्या दिवशी आभाळ निवळलं होतं आणि वाऱ्यानं उतार पार घट्ट झाला होता. दाजींनी सकाळी काठीचं टोक मारून बघितलं. टोक आत गेलं नाही. त्यांच्या तोंडावर तीन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. आम्ही वर निघालो, ते तिघं स्कीवर आणि मी कडेच्या मेंढपाळांच्या वाटेनं. एका आडव्या उतारावर डॉक्टर बाईच्या स्कीची कड सुटली. आवाजसुद्धा फारसा झाला नाही. ती पन्नास-साठ हात घसरत गेली आणि एका खडकाला अडकून थांबली. एक स्की निघून गेली होती. तिच्याखाली थोड्या अंतरावर उतार संपत होता आणि पलीकडचं दिसत नव्हतं. ती ओरडून सांगत होती की गुडघा मुरगळलाय, उभं राहता येत नाही. कडक बर्फावर चालायला बुटांना बांधायचे लोखंडी काटे, तीन दिवस बर्फ मऊ म्हणून, कुणी वर आणलेच नव्हते. रोशन स्कीवर तिच्याकडं निघाला. चार पावलांत त्याची रुंद स्की खाली सरकू लागली. काठी रोवून तो कसाबसा परत आला. पुन्हा गेला, पुन्हा तेच. त्याच्या कपाळावर घाम होता.

दाजी त्या उताराच्या काठाला उभे होते. पायांत तीच जोडी, जी याच बर्फासाठी निवडली होती. त्यांनी एक पाय पुढं टाकला. कड बसल्याचा बारीक करकर आवाज मला ऐकू आला.  दाजींनी खाली खडकाकडं बघितलं, मग रोशनच्या पायांकडं. मग त्यांनी पाय मागं घेतला, खाली बसून दोन्ही स्की सोडल्या, कोटाच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. "रोशन, बूट दिखाव तुमारा," म्हणाले. त्याचा बूट टाचेशी धरून, स्क्रू फिरवून, मागची पकड सरकवून, बोटानं फट चाचपून त्यांनी ती जोडी त्याच्या पायाला बसवली.  शॉपवर काम देतात तसं म्हणाले, "जाव अब. कड पे भरोसा रखो."

रोशन गेला. आडवा, एकेक पाऊल, त्या काचेसारख्या उतारावरून. कड कुठंही सुटली नाही. त्यानं बाईला दोर बांधला, आपण वरच्या बाजूला राहून तिला बसत बसत पलीकडच्या सौम्य उतारावर नेलं. तिथून दोघं खाली उतरली. तिचा गुडघा महिनाभरात बरा झाला, हे नंतर कळलं.

आम्ही दोघं मेंढपाळांच्या वाटेनं चालत उतरलो. स्कीच्या बुटांत चालणं म्हणजे बादलीत पाय घालून चालण्यासारखं. दाजींचा हात माझ्या खांद्यावर होता. आता हा माणूस जन्मभर मला अठ्ठ्याऐंशी ऐकवणार, याची मी तयारी करून ठेवली होती. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, "धरली की कड."  वाट सपाटीला लागली तेव्हा विचारलं, "पावणं, मी गेलो असतो तर?"

"पडला असता, दाजी."

"व्हय," ते म्हणाले.

निघायच्या दिवशी रोशन स्की पुसून घेऊन आला. दाजींनी त्या हातात घेतल्या, कडेवरून अंगठा फिरवला, कानस कशी धरायची ते त्याला दोनदा दाखवलं आणि जोडी त्याच्याकडंच दिली. कोल्हापूरला स्टेशनवर अक्कानं विचारलं, "अहो, स्की कुठं हाईत?" "हाईत तिथं," ते म्हणाले आणि रिक्षात बसले. अक्का माझ्याकडं बघत राहिली. मी बॅगा उचलून रिक्षात चढवल्या.

याला दोन वर्षं होत आली. दाजी आता त्या विषयावर बोलत नाहीत. शॉपवर जातो तेव्हा महापालिकेचं पाणी, उसाची एफआरपी, कुणाच्या पोरीचं लग्न, असल्याच गप्पा होतात, ज्या कोल्हापुरात कुठंही मिळतात. पूर्वी त्यांच्या तावडीतून सुटायला मी घड्याळ बघायचो, घरून फोन आल्याचं खोटं सांगायचो. परवाच्या रविवारी गेलो तर ते एका पंपाच्या पॅटर्नला पॉलिश पेपर मारत बसले होते. चहा आला. मी मुद्दाम, अगदी सहज विचारल्यासारखं म्हटलं, "दाजी, कुठंतरी वाचलं, कडक बर्फावरसुद्धा आता रुंद स्कीच चालते म्हणे."

त्यांचा हात क्षणभर थांबला. मी खुर्ची पुढं ओढून बसलो. तास, दोन तास, मला कुठंही जायचं नव्हतं.

"असंल की," दाजी म्हणाले, लाकडावरची भुकटी फुंकली, आणि पुन्हा घासायला लागले.