जुन्या लुगड्याची घडी

नाताळ जवळ आला की माझ्या अंगात वारं शिरतं, असं आमचे हे म्हणतात. पण एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराला एका नाताळात मी जी धावत होते, ते वारं नव्हतं. मी पळ काढत होते. दिवाळीत गल्लीतल्या घरांतून आमच्याकडं फराळाची ताटं येतात, म्हणून नाताळात आम्ही त्यांच्याकडं पाठवायची, ही इथली रीत. त्या वर्षी मी करंज्या दुप्पट केल्या. दारात टांगायच्या चांदणीचा कागद दोनदा बदलला. संडेस्कूलच्या मुलांचं जन्माचं नाटकही कुणी न सांगता अंगावर घेतलं. प्रार्थनेला बसले की डोळ्यांपुढं चकलीचा सोऱ्या यायचा, आणि खरं सांगते, मला ते बरंच वाटायचं. देवाशी बोलायची माझी इच्छाच नव्हती.

श्रावणात माझं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच वेळी गरोदर होतो. डिसेंबर लागता लागता कोडोलीला, आमच्या सासरी, तिला मुलगा झाला. सासूबाईंचं पत्र आलं, ‘बाळ बघून जा, ती तुझी वाट बघते.’ ते पत्र मी पिठाच्या डब्याखाली सरकवलं. माझ्या बाळासाठी शिवलेली कुंची ट्रंकेच्या तळाशी होती. जावेचा मला मत्सर वाटत होता, आणि त्या मत्सराची लाजही वाटत होती. यांनी एकदा विचारलं, “कोडोलीला कधी जायचं?” मी म्हणाले, “नाताळ होऊ दे.”

चोवीस तारखेला सकाळी लक्षात आलं, नाटकातल्या गव्हाणीत घालायला गवतच नाही. गव्हाण सुताराकडून करून घेतली होती, बाहुली आणली होती, गवत तेवढं राहिलं. कढई तशीच उतरवून मी मागच्या गल्लीतल्या गवळ्याच्या गोठ्यावर गेले. तो धारा काढून दूध घालायला गेला होता. म्हशींपुढं एक म्हातारी बाई पिंजर, म्हणजे भाताचं वाळलं गवत, टाकत होती. तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

“मूठभर पिंजर द्याल का? बाळाला निजवायचंय,” मी घाईत म्हणाले.

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “पिंजरावर? टोचतंय की ग बाळाला! कुणाच्यात झालंय बाळ?”

नाटकाचं आहे, बाहुली आहे, एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून निघालं, “माझ्या जावेला.”

“कुठं हाय? किती दिसाचं?”

“कोडोलीला. तीन आठवड्यांचं.”

ती आत गेली आणि एक जुनं लुगडं घेऊन आली. धुऊन धुऊन रंग गेलेलं, हाताला लोण्यासारखं लागणारं. “माझी चार पोरं ह्येच्यातच वाढल्याती. बाळाला नव्या कापडात घालू नये. ह्ये घिऊन जा. बघून आलीस न्हवं बाळाला?”

मी मान हलवली. नाही.

“न्हाय? मग हितं काय करतीयास, बाई? बाळ बघितलं न्हाय आन् घुगऱ्या वाटत फिरतीयास व्हय?”

बारशाच्या घुगऱ्या. तिला माझ्या करंज्यांचं काही ठाऊक नव्हतं, चांदणीचं नव्हतं, नाताळ म्हणजे काय हेही बहुधा नव्हतं. मला मात्र कुणीतरी दंडाला धरून थांबवल्यासारखं झालं. महिनाभर मी जन्माचा सोहळा मांडत होते, आणि जन्मलेल्या बाळाकडं पाठ फिरवून. गोठ्यातच, म्हशींसमोर, मला रडू फुटलं. श्रावणापासून मी रडले नव्हते. म्हातारीनं कारण विचारलं नाही. पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, “जा. एस्टी घावंल अजून.”

घरी येऊन ट्रंक उघडली, कुंची काढली. यांना म्हटलं, “ताटं राहिलीत, नाटक आहे.” हे म्हणाले, “मी बघतो. तू नीघ.” एस्टीत तासभर ती लुगड्याची घडी मांडीवर धरून बसले. वाटेत दोनदा परत फिरावंसं वाटलं. प्रार्थना एवढीच झाली की, प्रभो, मला जमणार नाही, तूच काय ते कर.

जावेनं मला दारात पाहिलं. ती उठली आणि बाळ माझ्या हातांत दिलं. मी त्याला त्या लुगड्यात गुंडाळलं, कुंची घातली. कुंची जरा मोठीच झाली. त्यानं जांभई दिली. माझ्या छातीतली कळ गेली नाही, पण तिच्या शेजारी आणखी कुणाला जागा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

नाताळची उपासना कोडोलीलाच केली, बाळाला मांडीवर घेऊन. इकडं नाटक माझ्यावाचून झालं. बाहुली गवताशिवाय उघड्या फळीवर निजली, आणि कुणाचंही काही अडलं नाही! परतल्यावर करंज्या घेऊन गोठ्यावर गेले. गवळी म्हणाला, “ती आत्ती व्हय? नेसरीची. दोन दिसांसाठी आलती, गेली की.” तिला मी पुन्हा पाहिलं नाही.

मला पुढं मूल झालं नाही. हे सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की देवानं बदल्यात काही दिलं. त्यानं फक्त मला हातातलं काम खाली ठेवायला लावलं. आता नाताळात कढई चढवण्याआधी मी कुणाच्या ना कुणाच्या घरी जाऊन तान्हं बाळ बघून येते. कुणीतरी कुठंतरी जन्मलेलं असतंच. मग घरी येते आणि पीठ मळायला घेते.